बोलावलंय कोणी?

मागच्या रविवारी उपासना संपल्यावर आमच्या चर्चमधली एक मुलगी पाकीट घेऊन माझ्याकडे आली. १९ वर्षांची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, लहानपणी माझ्या संडेस्कूलच्या वर्गात होती त्यामुळे माझ्याशी मोकळेपणाने बोलते. म्हणाली आँटी मी या समरला ग्वाटेमालाला चाललेय, ८ आठवडे, मिशन इंटर्न म्हणून, हे माझं सपोर्ट लेटर. इथे अमेरिकेत ही पद्धतच आहे, मिशनवर जाणारी मुलं नातेवाईकांना आणि चर्चच्या लोकांना पत्र लिहितात की मी अमुक ठिकाणी जातेय, इतका खर्च आहे, प्रार्थना करा आणि जमेल ते द्या. तिला ४,५०० डॉलर जमवायचेत. पत्र अगदी मनापासून लिहिलेलं होतं, वाचताना माझे डोळे भरून आले. काम काय, तर डोंगरातल्या एका गावात चर्चची वर्गखोली बांधायला मदत करायची, लहान मुलांची व्हीबीएस म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा घ्यायची, आणि तिथल्या बायकांच्या गटाला भेटून धीर द्यायचा.

मी तिला एकच विचारलं. तुला बोलावलंय कोणी?

ती म्हणाली, प्रभूने.

मी म्हटलं ते आहेच, त्यावर मी काही बोलणार नाही, ते तुझं आणि त्याचं. पण त्या गावातून कोणी बोलावलंय का, तिथल्या कुठल्या पाळकाने, कुठल्या मंडळीने म्हणजे चर्चने सांगितलंय का की आम्हाला जूनमध्ये १२ मुलं पाठवा? तिला माहीत नव्हतं. तिला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि तिने विचारून घ्यावं असंही कोणाला वाटलं नव्हतं. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहायला बसले.

आधी माझं सांगते म्हणजे गैरसमज नको. मी नगरची. आता अहिल्यानगर झालंय पण आमच्या तोंडात नगरच आहे. आमच्या पणजीला अक्षरओळख झाली ती मिशनच्या मुलींच्या शाळेत, नाहीतर त्या काळात आमच्या वस्तीतल्या पोरीच्या हातात पाटी कोण देणार होतं. त्यामुळे बाहेरदेशातून कोणी देवाच्या नावाने आलं की ते वाईटच, असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. तरुण मुलांनी घरातच बसावं असंही मला म्हणायचं नाहीये. माझं म्हणणं एवढंच आहे की जाणाऱ्याचं मन किती स्वच्छ आहे यावर मिशनचं बरंवाईट ठरत नाही. ज्यांच्या दारात आपण जातो त्यांनी बोलावलंय का, आणि त्यांना नको म्हणायचं असेल तर म्हणता येतं का, यावर ठरतं. आणि मी जी समर मिशनं जवळून बघितली त्यात हे विचारायची कुठे जागाच नव्हती.

आता कोणी म्हणेल की नगरला आलेल्या मिशनऱ्यांना तरी कुठे बोलावलं होतं. बरोबर आहे, नव्हतंच बोलावलं. आणि तीही सुरुवात कॉलेजच्या पोरांनीच केलेली. १८०६ च्या ऑगस्टमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी शेतात प्रार्थनेला गेले होते, वादळ आलं, गवताच्या गंजीच्या आडोशाला बसून त्यांनी परदेशात जायचं ठरवलं, त्यातून १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड ही मिशनरी पाठवणारी संस्था निघाली आणि त्याच कॉलेजात शिकलेला गॉर्डन हॉल सॅम्युएल नॉटबरोबर फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरला. कंपनी सरकारला ते नकोच होते, परत जा म्हणून हुकूम निघाले. तरी राहिले. मराठी शिकले, शाळा काढल्या, हॉलने मराठीत भाषांतरं केली आणि १३ वर्षांनी, १८२६ मध्ये, नाशिकच्या दौऱ्यात तो कॉलऱ्याने गेला. याच बोर्डाची शिक्षिका सिंथिया फॅरार १८२७ मध्ये आली, पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवल्या, १८६२ मध्ये नगरलाच वारली. तिच्या शाळा बघायला जोतीराव फुले नगरला आले होते आणि त्या बघून मुलींची शाळा काढायचं त्यांच्या मनाने घेतलं.

मग या लोकांमध्ये आणि ८ आठवड्यांच्या इंटर्नमध्ये फरक काय? मी यावर खूप विचार केलाय. नुसती वर्षं मोजून उत्तर मिळत नाही, ३० वर्षं राहूनही लोकांच्या डोक्यावर बसलेले साहेब आपल्याकडे झालेच की. मला वाटतं फरक भाषेचा आहे. ज्याला आपली भाषा येते त्याला आपण नाही म्हणू शकतो. त्याच्याशी भांडता येतं, तुझं चुकतंय असं तोंडावर सांगता येतं, आणि उद्या परत तो तिथेच असतो त्यामुळे ते ऐकून त्याला काहीतरी करावं लागतं. आपले लोक भांडलेच आहेत. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला, कारण इथला ख्रिस्ती माणूस मिशनच्या पगारावर आणि मिशनच्या मताने किती दिवस चालणार हा त्यांचा सवाल होता. त्याआधी १९१० मध्ये एडिंबराच्या जागतिक मिशनरी परिषदेत आपल्या दक्षिण भारतातले तरुण पाळक व्ही. एस. अझरिया उभे राहिले आणि सगळ्या मोठ्या मोठ्या मिशनऱ्यांसमोर म्हणाले की तुम्ही त्याग केलात, पोटाला दिलंत, सगळं खरं, पण आम्हाला मित्र द्या. हे बोलायला शंभर वर्षांचा सहवास लागला. जो माणूस जूनमध्ये येऊन ऑगस्टमध्ये जाणार आहे, आणि ज्याच्याशी फक्त हसून आणि हातवारे करून बोलता येतं, त्याला कोण काय सांगणार? त्याला सगळे थँक्यूच म्हणतात. आणि तो घरी जाऊन सांगतो की लोक किती प्रेमळ, किती आनंदी.

हे मी दुसऱ्या बाजूने बघितलंय म्हणून सांगतेय. मी नऊ-दहा वर्षांची असेन, राहुरीकडे आमच्या आजोळी गावातल्या चर्चला बाहेरून तरुणांची एक टीम आली होती, १२ दिवसांसाठी. कुठली ते महत्त्वाचं नाही. त्यांनी चर्चच्या आणि शाळेच्या भिंती रंगवल्या, आणले होते ऑइल पेंटचे डबे, आणि भिंतीला वर्षानुवर्षाचा चुना. गावात आमच्याच मंडळीतला एक पेंटर होता, तो दोन दिवस बाजूला उभा राहून बघत होता. त्याला माहीत होतं की आधी चुना खरवडून काढायला पाहिजे, मग लांबी भरायची, मग प्रायमर, नाहीतर रंग धरणार नाही. त्याला कोणी विचारलं नाही, आणि पाहुण्यांना कसं सांगायचं म्हणून तोही बोलला नाही. पहिल्या पावसात पोपडे सुटले. दिवाळीनंतर त्याच पेंटरने ती भिंत परत केली, वर्गणीतून, अर्ध्या मजुरीत.

आणि त्या १२ दिवसात आमच्या आईने, मावशीने आणि मंडळीतल्या बायकांनी काय काय केलं ते कुठल्या रिपोर्टमध्ये आलं नसणार. पिण्याचं पाणी पातेल्यांनी उकळायचं, तिखट कमी घालून वेगळा स्वयंपाक, रोज कोंबडी, आणि शेतावरचा रोज बुडाला तो वेगळाच. पाहुणचार आपल्याकडे कोणी मोजत नाही आणि मोजूही नये, पण जो पाहुणा स्वतःला सेवा करायला आलोय असं समजतो त्याला निदान कळायला पाहिजे की इथे सेवा कोण कोणाची करतंय.

त्या टीममध्ये एक ताई होती, माझ्या वेण्या घालायची, गाणी शिकवायची. जाताना दोघी रडलो, तिने पत्ता लिहून घेतला, पत्र पाठवते म्हणाली. मी वर्षभर पोस्टमनची वाट बघितली. मला आईबाप होते, भावंडं होती, मी विसरले. ज्या लेकरांना कोणी नाही त्यांचं काय होत असेल हा विचार मला पुढे मोठेपणी, स्वतः आई झाल्यावर आला. अनाथाश्रमात समर घालवणं हा अजूनही या ट्रिपांमधला सगळ्यात आवडता भाग असतो कारण पोरं धावत येऊन गळ्यात पडतात. पण अनोळखी माणसाच्या गळ्यात लगेच पडणारं पोर हे आनंदी पोर नसतं हो, तीन महिन्याला एक माणूस येतो जातो येतो जातो, याची ती खूण आहे. आणि याच्यापुढची गोष्ट आणखी वाईट आहे. कंबोडियात २००५ मध्ये १५४ अनाथाश्रम होते ते २०१० पर्यंत २६९ झाले, त्या काळात देशातले अनाथ काही तेवढे वाढले नव्हते, वाढले होते ते टूरिस्ट आणि व्हॉलंटियर, आणि तिथल्या जवळजवळ तीन चतुर्थांश मुलांचे आई किंवा बाप जिवंत होते. गरीब आईबापांना सांगायचं शाळा शिकवतो, पोर आणून ठेवायचं, पाहुण्यांकडून देणगी घ्यायची. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीचा कायदा करताना हा प्रकार विचारात घेतला. म्हणून माझं या बाबतीत स्पष्ट मत आहे, दोन महिन्यांच्या इंटर्नला अनाथाश्रमात मुलांना सांभाळायला पाठवूच नये, त्याचं मन कितीही चांगलं असो.

पैशाचं बोलायला लोकांना आवडत नाही, चर्चमध्ये तर अजिबात नाही, पण बोलायला पाहिजे. १९९८ मध्ये होंडुरासला मिच चक्रीवादळाने झोडपलं, हजारो घरं गेली, उत्तर अमेरिकेतून चर्चच्या टीमा घरं बांधायला गेल्या. कर्ट व्हर बीक नावाच्या समाजशास्त्राच्या प्राध्यापकांनी, जे स्वतः ख्रिस्ती कॉलेजचे आणि होंडुरासमध्येच राहणारे, त्याचा अभ्यास केला, तो २००६ मध्ये छापून आला. बाहेरून आलेल्या एका टीमचा प्रवासासकट खर्च साधारण ३०,००० डॉलर, आणि तसंच घर तिथल्याच लोकांनी बांधलं तर साधारण २,००० डॉलर. म्हणजे एका टीमच्या पैशात १५ घरं झाली असती, आणि होंडुरासमधल्या गवंड्यांना काम मिळालं असतं ज्यांची स्वतःची कामं वादळात बुडाली होती. यावर नेहमी उत्तर येतं की पैसा तेवढाच नाही, जाणाऱ्या मुलांचं आयुष्य बदलतं, ती पुढे जन्मभर देतात. मलाही हे पटायचं. पण त्याच अभ्यासात जाऊन आलेल्यांनाही विचारलेलं होतं, आणि बहुतेकांच्या देण्यात, प्रार्थनेत, तिथल्या लोकांशी संबंध ठेवण्यात टिकून राहिलेला फरक फार थोडा निघाला. मी माझ्या चर्चमध्येही तेच बघते. फोटो फेसबुकवर राहतात, गावाचं नाव सहा महिन्यात विसरलेलं असतं. यात मुलांचा दोष नाही, परत आल्यावर त्यांच्याशी त्या गावाबद्दल बोलत कोणी बसत नाही.

२००५ च्या सुमाराचा अंदाज आहे की एकट्या अमेरिकेतून वर्षाला १६ लाख चर्चसदस्य अशा छोट्या मिशनवर परदेशात जात होते. १६ लाख! आणि हे सगळं परदेशी मिशनवर जायला निघालेल्या ज्या विद्यार्थी चळवळीच्या नावाने सांगतात ती १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मनच्या शिबिरात उभी राहिली, तिच्यात पुढे असलेला रॉबर्ट वाइल्डर हा कोल्हापुरात जन्मलेला, मिशनऱ्याचा मुलगा. त्या शिबिरात १०० मुलांनी नावं दिली. त्यांनी उन्हाळा दिला नव्हता, आयुष्य द्यायची तयारी दाखवली होती. प्रत्येकाने आयुष्य द्यावं असं मी म्हणत नाहीये, मी स्वतः दिलेलं नाही. पण त्या लोकांच्या नावाने ८ आठवड्यांच्या ट्रिपला मोठं करू नये असं मला मनापासून वाटतं.

आणि धोका कोण उचलतं तेही बघा. जुलै २००७ मध्ये दक्षिण कोरियाच्या एका चर्चचे २३ जण थोड्या दिवसांच्या सेवेसाठी अफगाणिस्तानात गेले, काबूलहून कंदहारकडे बसने जाताना तालिबानने पळवले. दोघांना मारलं, बाकीचे दीड महिन्यात सुटले. त्यांच्यासाठी आम्हीही इथे प्रार्थना केली होती, त्या दोघांच्या घरच्यांचं दुःख मी कमी लेखत नाही. पण सुटकेच्या बोलणीत ठरलं काय, तर कोरियन मिशनरी काम बंद, कोरियन मदतकार्यकर्त्यांनीही देश सोडायचा. म्हणजे वर्षानुवर्ष तिथे राहून, भाषा शिकून काम करणारे जे होते त्यांनाही गाशा गुंडाळावा लागला, थोड्या दिवसांसाठी आलेल्यांमुळे. आपल्याकडे लहान प्रमाणात हेच होतं. कोणीतरी टूरिस्ट व्हिसावर येतं, ज्या व्हिसावर प्रचार करायला परवानगीच नाही, गावात माइक लावून साक्ष देतं, म्हणजे प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते सांगतं, फोटो काढून विमानात बसतं. जाब नंतर विचारला जातो तो तिथल्या पाळकाला. पोलीस स्टेशनला तो जातो, शेजाऱ्यांची तोंडं त्याच्या बायकोला बघावी लागतात, पोरांना शाळेत ऐकावं लागतं. त्याने बोलावलं असेल तर ठीक, त्याने विचार करून बोलावलं. पण त्याला एक ईमेल येतो की आमची टीम अमुक तारखेला पोचतेय, आणि त्याच संस्थेकडून त्याच्या शाळेला दरमहा मदत येत असते, तर तो काय नको म्हणणार?

मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त खुपते. नको म्हणता येत नसेल तर त्या हो ला काय अर्थ.

आता ग्वाटेमालाबद्दल, कारण माझी ही पोरगी तिथे चाललीय. तिला शाळेतली तीन वर्षांची स्पॅनिश येते आणि तिला वाटतं भागेल. पण तिथल्या डोंगरात माया लोकांच्या वीसहून जास्त भाषा आहेत, काक्चिकेल, किचे वगैरे, खेड्यातल्या म्हाताऱ्या बायकांना स्पॅनिश पण परकीच. मी तिला कॅमेरॉन टाउनसेंडची गोष्ट सांगितली. तोही कॉलेज सोडून, विशीतला पोरगा, १९१७ मध्ये ग्वाटेमालाला गेला होता स्पॅनिश बायबलं विकायला, थोड्याच काळासाठी म्हणून. असं सांगतात की एका काक्चिकेल माणसाने त्याला विचारलं, तुझा देव एवढा मोठा आहे तर त्याला आमची भाषा कशी येत नाही? त्याने बायबलं विकायची सोडून ती भाषा शिकायला घेतली, तिथेच राहिला, १९३१ मध्ये काक्चिकेलमध्ये नवा करार छापून झाला. आणि पुढे १९३४ मध्ये त्याने अमेरिकेत आर्कान्सामध्ये समरचा वर्ग सुरू केला तो कसला? भाषा कशी शिकायची हे शिकायचा. पहिल्या वर्षी दोनच विद्यार्थी होते. समर असा वापरता येतो.

असं काम करून आलेला एक मुलगा माझ्या ओळखीत आहे. आमच्या नात्यातलाच, केनियातल्या एका मिशन हॉस्पिटलला गेला होता, ९ आठवडे. त्यांनी स्वतः लिहून मागितलं होतं की औषधांच्या स्टोअरचा हिशेब कॉम्प्युटरवर घालायला एक माणूस हवाय, आमच्या बाईंना शिकवून जाईल असा. त्या स्टोअरच्या बाई त्याच्या बॉस. पहिल्या आठवड्यात त्याने केलेलं सगळं त्यांनी परत करायला लावलं, कारण एक्स्पायरी बघायची त्यांची पद्धत त्याने विचारली नव्हती. त्याला राग आला, घरी फोन करून बोलला, मग परत केलं. संध्याकाळी प्रार्थनेला सगळ्यात मागे बसायचा, स्वाहिली गाणी पाठ करायचा. तिथून आल्यावर त्याने चर्चमध्ये साक्ष दिली ती त्या बाईंबद्दल होती, स्वतःबद्दल दोन वाक्यंसुद्धा नव्हती. त्या दोघांचं अजून व्हॉट्सअॅपवर बोलणं होतं. मला वाटतं अझरियांनी मागितलेले मित्र ते हेच.

त्यामुळे माझी मागणी साधी आहे. कुठलाही इंटर्न पाठवायच्या आधी तिथल्या मंडळीचं पत्र हवं, त्यांच्या भाषेत, त्यांनी लिहिलेलं, की आम्हाला अमुक काम आहे आणि अमुक माणूस चालेल, आणि आत्ता कोणी नको असेल तर तसंही लिहिता यायला हवं, त्याने दरमहाची मदत थांबणार नाही हे आधी सांगून. इंटर्नचा वरिष्ठ तिथला माणूस असावा, घरी पाठवायचा अधिकार असलेला. जे काम तिथला गवंडी, पेंटर, शिक्षिका करू शकते ते इंटर्नला देऊ नये, त्यांच्या मजुरीचे पैसे पाठवावेत. आणि सपोर्ट लेटरमध्ये खरं लिहावं की मी शिकायला जातेय. लोक कमी पैसे देतील असं आमच्या मिशन कमिटीला वाटतं. मला नाही वाटत. नर्सिंगला, सेमिनरीला जाणाऱ्या पोरांना शिकायला म्हणून आपण देतोच की.

त्या मुलीला मी चेक दिला, अर्धा तिच्या नावाने, तो भाषेच्या क्लासच्या फीसाठी, आणि अर्धा त्या वर्गखोलीच्या गवंड्यासाठी, तो संस्थेने पोच घेऊन द्यायचा असं पत्र जोडलं. ती गप्प बसून ऐकत होती, थोडी नाराजही झाली असेल. पण बुधवारी रात्री तिचा मेसेज आला की आँटी मी संस्थेला विचारलंय त्या गावातल्या पाळकांचं नाव आणि नंबर काय, आणि मला त्यांच्याशी जायच्या आधी बोलायचंय. अजून उत्तर आलेलं नाही. पुढच्या गुरुवारी मिशन कमिटीची मीटिंग आहे, मी मेंबर नाही पण पाळकांना सांगून दहा मिनिटं मागून घेतलीत, ती पण येणार आहे माझ्याबरोबर.